मैदानाची किल्ली कोणाकडे?

मे महिन्यात बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली गावं भरून जातात. पुणे-मुंबईची, गोव्याची, दुबई-मस्कतची अशी पांगलेली मंडळी रजेवर येतात. त्यात लक्ष्मी यात्रेचं वर्ष असेल तर विचारूच नका. रात्री जेवणं आटोपून ही मंडळी देवळाच्या कट्ट्यावर बसली की 'गावासाठी काहीतरी करूया' हा विषय निघतो. पूर्वी त्या 'काहीतरी'त देवळाचा जीर्णोद्धार आणि वेशीवरची कमान एवढंच येई. आता मुलांसाठी बाग, ओपन जिम, टर्फचं मैदान असे बेत होतात. आणि बेत झाला की दुसऱ्या दिवसापासून भांडण. एक बाजू म्हणते, आपलीच पोरं खिशातून देतायत, सरकार तर काही करत नाही, मग घ्या आणि हात जोडा. दुसरी बाजू म्हणते, वर्षातून तीन आठवडे येणाऱ्यांनी इथल्या मुलांचं भलं कशात आहे हे आम्हाला शिकवू नये. दोन्हीकडून वर्मावर बोट ठेवलं जातं, जुने हिशेब निघतात आणि मुलं बाजूलाच राहतात.

मला हा वाद चुकीच्या जागी अडकलेला वाटतो, कारण दोन्ही बाजू देणाऱ्याबद्दलच बोलतात. त्याचा हेतू चांगला की दिखाऊ, त्याला अधिकार आहे की नाही, यातच सगळं संपतं. माझं म्हणणं सरळ आहे. बाहेरच्या मंडळींचा पैसा घ्यावा, मोकळ्या मनानं घ्यावा. पण तो कुंपण, फरशी आणि यंत्रांत न घालता रोज संध्याकाळी मैदान चालवणाऱ्या माणसावर खर्च व्हावा, आणि जागा कायम पंचायतीच्या किंवा शाळेच्या नावावर राहावी. या दोन अटी देणाऱ्याला मान्य नसतील तर गावानं ती देणगी नम्रपणे परत करावी.

आधी एक आक्षेप वाटेतून दूर करतो. 'खेड्यात मोकळ्या जागेला काय तोटा? पोरं शेतात खेळतात की' असं शहरात राहणारेच नव्हे, गावातले वडीलधारेही म्हणतात. शेत कोणाचं तरी असतं आणि वर्षाचे बरेच महिने त्यात पीक उभं असतं. गायरानाचे लचके तुटले आहेत. शहराला लागून असलेल्या गावांत तर शिवारच प्लॉटिंगमध्ये गेलं. देवळापुढच्या पटांगणात जीर्णोद्धारानंतर गुळगुळीत ग्रॅनाइट बसलं आणि त्याबरोबर 'येथे खेळू नये' अशी पाटीही आली. बेळगाव शहरात लेले मैदान, व्हॅक्सिन डेपो अशा जागा अजून तग धरून आहेत. बाकी ठिकाणी तासाच्या भाड्यानं मिळणारी टर्फ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी सरासरी 60 मिनिटं तरी दमछाक होईल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास मुलांनी काढायचा कुठे? मोबाइल हातात आला म्हणून मैदान सुटलं असं आपण सर्रास म्हणतो. उलटं झालं नसेल कशावरून?

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. मैदान देणं हे सरकारचं काम आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं असं स्पष्ट लिहिलं आहे. खासगी पैसा आला की सरकार अंग काढून घेतं, आणि ज्या गावाची पोरं परदेशात नाहीत त्या गावाच्या वाट्याला काहीच येत नाही. हे खरं आहे, आणि ते टोलवून लावण्यात अर्थ नाही. खानापूरच्या जंगलकाठच्या एखाद्या गवळीवाड्याला दुबईत कोण असणार? पण यातून निघणारा निष्कर्ष 'देणगी घेऊ नका' असा नाही. सरकारला जे जमतं ते सरकारकडूनच करून घ्या, असा तो आहे. जमीन देणं, ती सपाट करणं, बांध घालणं, पाण्याची सोय करणं ही कामं पंचायतीला जमतात. रोजगार हमीतून कर्नाटकात कितीतरी शाळांची मैदानं अशीच तयार झाली. मग जे सरकार खात्रीनं करू शकतं त्यातच आपल्या माणसांनी घामाचा पैसा ओतावा हे कुठलं शहाणपण? सरकारला न जमणारी गोष्ट वेगळीच आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला एक जबाबदार माणूस मैदानावर उभा करणं, ही ती गोष्ट. तिथे हा पैसा गेला तर सरकारला अंग काढून घ्यायला निमित्तच उरत नाही.

दुसरा मुद्दा आवडीनिवडीचा. बाहेर राहणारा माणूस आपण पाहिलेलं देतो. दुबईच्या बागेत रबराच्या फरशीवर घसरगुंडी पाहिली की त्याला तीच गावात हवी असते. हा दोष मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. टिंडेल-बिस्को नावाच्या मिशनरी मुख्याध्यापकानं 1891 मध्ये श्रीनगरच्या शाळेत फुटबॉल आणला, तेव्हा चामड्याच्या चेंडूला पाय लावायला पंडितांची मुलं तयार होईनात. यानं छडीच्या धाकानं त्यांना खेळायला लावलं. पुढे काश्मीरमध्ये फुटबॉल रुजला म्हणून आज ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. खेळायला जबरदस्तीनं लावलं तर तो खेळ कसला? आपल्याकडे छडी नाही, पण 'मी तिकडे बघितलंय, तुम्हाला कळत नाही' हा सूर तिच्याच घराण्यातला आहे.

त्याचे परिणाम गावोगाव दिसतात. ओपन जिमची निळी-पिवळी यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची. मुलं त्यांना लोंबकळतात, वर्षभरात बेअरिंग जातं आणि उरलेला सांगाडा कपडे वाळत घालायला कामी येतो. टर्फचं त्याहून महाग. पश्चिम भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, त्या ओलीत कृत्रिम गवतावर शेवाळ धरतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तेच गवत पाय भाजतं. शिवाय आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं. तेव्हा पुन्हा पैसे कोण देणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी विचारणं अशुभ मानलं जातं. टर्फशिवाय दर्जेदार खेळाडू घडत नाहीत असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते आणि ऑलिंपिक हॉकीत कृत्रिम गवत आलं 1976 मध्ये. अर्थात खेळाडू घडवणं हा माझा मुद्दाच नाही. शंभरातल्या नव्याण्णव मुलांना कुठलंही पदक मिळणार नाही. त्यांनाही तो तास हवा आहे.

परक्या माणसांनी आपल्याकडे मैदानं उभी केली तर काय होतं, हा प्रश्न नवा असल्यासारखी चर्चा चालते. आपल्या गाठीशी त्याचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. इंग्रजांनी मुंबईत, पुण्यात, आमच्या कॅम्पात क्लब आणि जिमखाने काढले. मैदानं राखलेली, गवत कापलेलं, सगळं नीटनेटकं. 1875 मध्ये निघालेल्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. आणि ज्या मोकळ्या पटांगणात पारशी-हिंदू मुलं क्रिकेट खेळत, तेही साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी तुडवून टाकलं. त्यावरून 1880 च्या दशकात अर्जविनंत्यांचं मोठं भांडण झालं. पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते क्रिकेटपटू पळवणकर बाळू. जन्म 1876 चा, धारवाडचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. जातीनं चर्मकार. पुण्याच्या क्लबात ते खेळपट्टीवर रूळ फिरवायच्या, जाळी लावायच्या नोकरीवर होते, महिना चार रुपये. सरावाला साहेबांना गोलंदाज हवा असे म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली. बॅट मात्र कोणी हाती दिली नाही. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसानं शंभरावर बळी घेतले.

या गोष्टीचे दोन अर्थ काढता येतात. परक्यांचं मैदान होतं म्हणून बाळू घडले, असं पहिली बाजू म्हणेल. ते खोटं नाही. पण त्या मैदानावर बाळूंचा हक्क किती होता? रूळ ओढण्याइतका. आणि फक्त साहेबाला बोल लावून आपली सुटका नाही. हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं तेव्हा मैदानावर सगळे त्यांच्या चेंडूला हात लावत, पण चहाच्या वेळी त्यांचा मातीचा कप वेगळा आणि जागा मंडपाबाहेर. मैदान इंग्रजाचं असो की आपल्या माणसांचं, तिथे आत कोणी यायचं आणि काय खेळायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, यावर सगळं अवलंबून राहतं. आज गावाच्या मैदानाला परदेशस्थ मंडळाचं कुलूप लागलं आणि किल्ली एका घरात राहिली, की पहिल्या वर्षी गल्लीवरून, दुसऱ्या वर्षी गटावरून आणि तिसऱ्या वर्षी जातीवरून कोण खेळणार हे ठरू लागतं. देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी तो मस्कतला बसून हे थांबवू शकत नाही.

याच इतिहासात दुसरी वाटही सापडते. हॅरी क्रो बक हा अमेरिकन माणूस वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या कामासाठी मद्रासला आला. त्यानं 1920 मध्ये शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं, तिथे देशभरातून आलेल्या तरुणांना शिकवून शिक्षक केलं आणि परत आपापल्या मुलखात पाठवलं. 1924 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचा व्यवस्थापकही तोच. वायएमसीएवाल्यांनी आणलेला व्हॉलीबॉल आज आमच्या कुठल्याही खेड्यात दिसतो, त्यासाठी कोणी दगडी इमारत बांधली नव्हती. दोन वासे, एक जाळी आणि खेळ माहीत असलेला एक माणूस, एवढ्यावर तो पसरला. बकही परकाच, क्लबवाले साहेबही परकेच. क्लबवाल्यांनी जागा राखली. बकनं माणसं तयार केली.

आणि परदेशातून परतलेला आपला माणूसच हवा असेल तर फार लांब जायला नको. डॉ. ना. सु. हर्डीकर अमेरिकेत शिकून, तिथे लाला लजपतरायांबरोबर काम करून परत आले ते हुबळीला. 1923 मध्ये त्यांनी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1924 मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि त्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकांची जबाबदारी हर्डीकरांनी उचलली. अमेरिकेत पाहिलेली इमारत इथे उभी करावी असं त्यांच्या मनात आलं नाही. कवायत घेणारे, शिबिरं चालवणारे तरुण तयार करण्यात त्यांनी आयुष्य घातलं.

यावर कोणी कोल्हापूरचं खासबाग मैदान पुढे करील. शाहू महाराजांनी युरोपात रोमची क्रीडागारं पाहिली आणि 1912 मध्ये खासबाग उभं राहिलं. मग बाहेर पाहिलेलं गावात आणण्यात वाईट काय? उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. खासबागच्या आधी कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी होत्या, वस्ताद होते, पहाटे हौद्यात उतरणारी पोरं होती आणि त्यांच्या खुराकाची सोय दरबारातून होत होती. मैदान झालं ते या सगळ्यानंतर. आज आपल्या गावांत आधी मैदान तयार होतं, मग त्यावर कोण खेळणार याचा शोध सुरू होतो. आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीगीर खाशाबा जाधव गेले ते कोणाच्या बळावर? लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खर्डेकरांनी तो पैसा माणसावर लावला होता. कॉलेजच्या फाटकावर त्यांना कमानही बांधता आली असती.

इथे परदेशातली मंडळी एक रास्त शंका काढतात. बांधकामाचा खर्च एकदाच होतो आणि डोळ्यांना दिसतो. पगार दरमहा लागतो, तो कधी संपणार? शिवाय आम्ही नोकरदार माणसं, उद्या तिकडची नोकरी गेली तर? शंका खरी आहे, पण हिशेब मांडून बघा. समजा गावची 25 माणसं बाहेर आहेत आणि प्रत्येकानं महिन्याला 600 रुपये दिले. 15,000 रुपये होतात. एवढ्यात संध्याकाळचे दोन तास मैदान सांभाळणारा माणूस मिळतो, वरती चेंडू-जाळीचा खर्च निघतो. माणूस कुठून आणायचा हा प्रश्न तर आमच्या भागात विचारूच नये. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. गावोगावी चाळिशीतच निवृत्त झालेले माजी सैनिक आहेत, धावायचं कसं आणि दमलेल्या पोराला थांबवायचं कधी हे जाणणारे. बीपीएड करून घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला आजवर कोणी विचारलं आहे का? आणि एका देणगीदाराची नोकरी गेली तर 600 रुपये कमी होतील, मैदान बंद पडणार नाही. एकाच शेठजीनं बांधून दिलेल्या संकुलाबद्दल हे म्हणता येईल?

मुलींचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण एरवी कट्ट्यावरच्या चर्चेत तो येतच नाही. सातवी-आठवीपर्यंत मुली खो-खो, कबड्डी खेळतात. नंतर मैदानावरून नाहीशा होतात. मैदान भारी झालं की त्या परत येतील असं मानणं हा भाबडेपणा आहे. उलट मैदान जितकं भारी, तितका त्यावर मोठ्या पोरांचा कब्जा लवकर. रात्री दिवे लागले की सामने, सामन्यांवर पैजा, कडेला बाटल्या. 'पाच ते सहा मुली खेळतील' असं भिंतीवर रंगवलं म्हणून विशीतली पोरं खेळ थांबवून बाहेर जात नाहीत. त्यांना 'चला, आवरा' असं सांगायला, आणि ते ऐकलं जाईल असं, कोणीतरी तिथे उभं असावं लागतं. ती एखादी ताई असेल तर आयाही मुलींना निर्धास्त पाठवतात.

सीमाभागात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो, आणि त्याबद्दल दबक्या आवाजात बोलण्यात अर्थ नाही. इथे कुठलीही सार्वजनिक वस्तू उभी राहिली की तिच्यावरच्या फलकाची भाषा हा पहिला वाद. येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक 2014 मध्ये हटवला गेला तेव्हा काय झालं ते आपण पाहिलं आहे. सरकारी कागदपत्रं मराठीत मिळावीत ही मागणी माझीही आहे आणि ती मी सोडणार नाही. पण देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक हा भाषेचा हक्क नव्हे. त्यासाठी मुलांच्या मैदानावर पोलीस बंदोबस्त ओढवून घ्यायचा? नावं हवीच असतील तर पंचायतीच्या ठरावात लिहा. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, तो ठराव कन्नडमध्ये लिहील, लिहू दे. ज्या येळ्ळूरच्या फलकाची बातमी झाली, तिथल्याच कुस्तीच्या मैदानात दोन्ही राज्यांचे मल्ल एका मातीत उतरतात. डाव बसला की दाद द्यायला कोणालाच भाषा विचारावी लागत नाही.

पैशाच्या वाटेवरही इथे जरा जपून चालावं लागतं. भारतीय पासपोर्टवर आखातात काम करणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगीत मोडत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चुलतभावाची रक्कम मोडते, आणि ती घ्यायची तर 2010 च्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. युवक मंडळाच्या खात्यावर डॉलर मागवून मोकळं होणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. एरवीच ज्या भागात बाहेरून आलेल्या पैशाकडे संशयानं पाहिलं जातं, तिथे मुलांच्या चेंडूसाठी चौकशी लावून घेण्याची हौस कशाला? म्हणून आधी ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा पंचायतीच्या किंवा शाळेच्या नावावर, मग पैसा. हिशेब दर महिन्याला शाळेच्या भिंतीवर. किल्ली शाळेच्या एसडीएमसी समितीकडे, म्हणजे ज्यांची पोरं तिथे शिकतात त्या आईबापांकडे. देवस्थान पंच कमिटीकडे नको. त्यांच्याकडे यात्रेचंच काम पुष्कळ आहे.

राहिला प्रश्न मुलांना काय हवं हे कोण ठरवणार. कर्नाटकात ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती होते. कोणीतरी लिहून दिलेलं भाषण एखादी चुणचुणीत मुलगी वाचते आणि बिस्किटं वाटून सभा संपते. ती खरोखर भरवायची तर मैदानाचा विषय तिच्यापुढे ठेवा. मुलं कदाचित टर्फ मागतील, नाही असं नाही. पण मुलींसाठी कडीवालं स्वच्छतागृह, पावसाळ्यात खेळायला पत्र्याची एक शेड, मैदानातून जाणारी ट्रॅक्टरची वाट बंद करा, असंही काही पुढे येईल, जे मस्कतहून दिसत नाही आणि कट्ट्यावरूनही दिसत नाही. पैसे देणाऱ्या मंडळींनी त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर जरूर हजर राहावं. फक्त आवाज बंद ठेवून.